‘कंपनीतली भाषा घरात आणू नका’: घरी आणि कामावर माणसं बोलती कशी होतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ४४ वर्षांचे, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर. यंदाच्या अप्रेझलमध्ये वरिष्ठ म्हणाले, ‘काम उत्तम आहे, पण पोरं तुम्हाला घाबरतात.’ कंपनीने त्यांना संवादकौशल्याच्या एक दिवसाच्या प्रशिक्षणाला पाठवलं. तिथे शिकलेलं ‘मी तुमच्या भावना समजू शकतो’ हे वाक्य त्यांनी घरी बायकोला म्हणून पाहिलं. ती म्हणाली, ‘कंपनीतली भाषा घरात आणू नका,’ आणि चार दिवस अबोला धरला. दहावीतली मुलगी ‘हं’च्या पुढे जात नाही. वडील, आण्णा, ७३ वर्षांचे. तेच तेच विचारतात आणि मग आवाज चढतो. शेवटी ते लिहितात: ‘मी वाईट माणूस नाही. सगळ्यांसाठीच राबतो. मग माझ्याशी कुणी बोलत का नाही?’

नमस्कार. तुमच्या पत्नीच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण त्यांचं बरोबर आहे. ‘मी तुमच्या भावना समजू शकतो’ या वाक्यात त्या स्वतः कुठेच नाहीत. कोणत्या भावना, कशावरून आल्या, त्यातलं तुम्हाला काय कळलं, काहीच नाही. हेच वाक्य बँकेतला माणूस अडकलेल्या चेकबद्दलही म्हणतो. इतकी वर्षं एका छताखाली राहिलेल्या बाईला ते परकं लागणारच.

मी गेली २३ वर्षं समुपदेशन करते. सुरुवातीला कारखान्यांच्या पर्सोनेल खात्यात होते, नंतर कुटुंबांसाठी काम करू लागले. त्यामुळे काही माणसं मी दोन्हीकडे पाहिली आहेत, दिवसा शॉपफ्लोअरवर आणि संध्याकाळी बायकोसोबत माझ्यासमोरच्या खुर्चीत. दोन्हीकडे चूक बहुतेक एकच असते: समोरच्याचं सांगून व्हायच्या आत आपण त्यावर इलाज सुरू करतो. आपल्याकडे ‘समजूत घालणं’ आणि ‘समजून घेणं’ असे दोन शब्द आहेत, आणि पहिल्यात आपण फार तरबेज आहोत. कुणी रडलं की ‘अगं, रडू नकोस, होईल सगळं नीट’. कुणी चिडलं की ‘एवढं काय मनाला लावून घेतोस’. कुणी थकलं म्हटलं की ‘आमच्या वेळी तर…’. हे सगळं प्रेमापोटीच असतं. पण ऐकणाऱ्याच्या कानावर पडतं ते एवढंच, की तुझं हे आता पुरे.

आपल्याला दुसरं येत नाही असं मात्र समजू नका. कुणाच्या घरी माणूस गेलं की आपण जातो, भिंतीला टेकून बसतो, फारसं बोलत नाही. शेजारची बाई न विचारता पिठलं-भात करून आणते. तिथे कुणी सल्ला देत नाही, कुणी खुलासा मागत नाही. इतकी जुनी समज आपल्या हाडात आहे. ती रोजच्या दिवसात, साध्या मंगळवारी संध्याकाळी वापरायची सवय तेवढी नाही.

एक प्रसंग सांगते, तपशील बदलून. एका जोडप्याचं भांडण डब्यावरून होतं. नवऱ्याचा डबा आठवड्यातून दोन-तीनदा तसाच परत यायचा. ती सिंकपाशी उभी राहून उघडायची. मेथीची भाजी काळवंडलेली, पोळ्या घामेजून एकमेकींना चिकटलेल्या. ती म्हणायची, ‘आजही नाही खाल्लात.’ तो म्हणायचा, ‘अगं, मीटिंग लांबली, सगळ्यांबरोबर कॅन्टीनमध्येच खाल्लं.’ ती गप्प. तो टीव्ही लावायचा. त्याच्या हिशेबाने विषय मिटलेला असायचा, कारण त्याने खुलासा दिलेला होता आणि तो खराही होता.

मी त्याला म्हटलं, खुलासा जरा बाजूला ठेवा. त्या काय म्हणत होत्या ते तुमच्या शब्दांत सांगा, आणि बरोबर की चूक ते त्या ठरवतील.
‘डबा खाल्ला नाही म्हणून चिडली.’
ती म्हणाली, ‘नाही.’
‘अन्न वाया गेलं म्हणून वाईट वाटलं.’
‘थोडंसं.’
मग तो बराच वेळ थांबला. म्हणाला, ‘ती साडेपाचला उठते.’
एवढंच. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, ‘हे ह्यांच्या लक्षात आहे, हेच मला माहीत नव्हतं.’

डबा त्यानंतरही अधूनमधून परत येत राहिला. पण तो दुपारी एकला फोन करून सांगू लागला, ‘आज राहिला गं. रात्री मीच गरम करून खाईन.’ भांडण थांबलं.

ही रीत माझी नाही. कार्ल रॉजर्स (१९०२–१९८७) या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ती मांडली. वाद पेटला की एक नियम लावायचा: समोरच्याचं म्हणणं आणि त्यामागची भावना, त्याचं समाधान होईल इतक्या नीटपणे सांगून झाल्याशिवाय आपलं म्हणणं मांडायचं नाही. ऐकायला किती सोपं! आज रात्री करून पाहा, पहिल्या मिनिटात जीभ कशी वळवळते ते कळेल. आणि पोपटपंची करू नका. बायको म्हणाली, ‘मी दमले,’ तर ‘म्हणजे तू दमलीस’ असं म्हटलंत की ती पुन्हा कंपनीची भाषाच झाली. त्या ‘दमले’च्या मागे काय आहे याचा अंदाज करा, आणि चुकलात तर चुकू द्या. वरच्या गोष्टीतला नवरा दोनदा चुकला होता. माणूस आपल्यासाठी शोध घेतोय, हे समोरच्याला दिसतं, आणि त्यानेच अर्धं काम होतं.

आता तुमच्या बाजूचं. तुम्हालाही काही सांगायचं असतं आणि ते कसं सांगावं कळत नाही, म्हणून आवाज चढतो. इथे मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शल रोझेनबर्ग यांची मांडणी वापरते. ते रॉजर्स यांच्याकडून शिकलेले. १९४३मध्ये डेट्रॉइटमध्ये वांशिक दंगल उसळली तेव्हा ते लहान होते आणि त्या शहरात नुकतेच राहायला आले होते. माणसं एकमेकांशी इतकी क्रूर का होतात आणि काही माणसं अशा वेळीही मायेने कशी वागतात, हा प्रश्न त्यांना आयुष्यभर पुरला. आपल्या पद्धतीला त्यांनी ‘अहिंसक संवाद’ म्हटलं आणि त्यातला ‘अहिंसा’ हा शब्द गांधीजींच्या अर्थाने घेतला. पद्धतीत चार गोष्टी येतात: काय घडलं, मला काय झालं, मला कशाची गरज आहे, आणि मी काय मागतोय.

पहिलीच अवघड आहे. ‘घरात कायम पसारा असतो’ हा निकाल झाला. ‘सोफ्यावर परवाचे धुतलेले कपडे आहेत’ हे घडलेलं झालं. ‘कायम’, ‘कधीच’, ‘नेहमीचंच’ हे शब्द आले की समोरचा माणूस मूळ मुद्दा सोडून अपवाद शोधायला लागतो, आणि ‘मागच्या रविवारी कोणी आवरलं होतं?’ इथे गाडी जाते.

दुसरीत मराठीचा एक सापळा आहे, आणि तो मला सतत भेटतो. ‘मला वाटतं’ हे आपण मतासाठीही वापरतो आणि भावनेसाठीही. ‘मला वाटतं तुला माझी किंमत नाही’ हे बोलणाऱ्याला मन मोकळं केल्यासारखं वाटतं आणि ऐकणाऱ्याला आरोप लागतो. म्हणून मी लोकांना सांगते, काही दिवस ‘वाटतं’ हा शब्दच गाळा आणि भावनेचं नाव घ्या. राग आलाय. भीती वाटत होती म्हणायचं असेल तर ‘घाबरलो होतो’ म्हणा. लाज, काळजी, एकटेपणा, हिरमुसणं. पुरुष मंडळी बहुतेकदा रागापाशी अडतात, कारण लहानपणापासून तेवढ्या एकाच भावनेला परवानगी होती. तुमचा चढलेला आवाज आण्णांबद्दल असतो तेव्हा त्याच्या खाली, मला शंका आहे, काळजी असेल.

तिसरी, गरज, त्या भावनेच्या मुळाशीच सापडते. चौथी गोष्ट, मागणं. इथे कसोटी अशी: समोरचा ‘नाही’ म्हणाला तर तुम्ही काय करता? फणकारलात, टोमणा मारलात, तर ते मागणं नव्हतं, हुकूम होता, फक्त गोड आवाजातला. तुमच्या हाताखालची पोरं आणि घरातली माणसं हा फरक लगेच ओळखतात.

कृपा करून ही चार वाक्यं सलग म्हणून दाखवू नका. ‘जेव्हा सोफ्यावर कपडे असतात तेव्हा मला बेचैन वाटतं कारण मला नीटनेटकेपणाची गरज आहे’ असं कुठलंही मराठी माणूस बोलत नाही. मनात चारही तपासा आणि तोंडाने साधं बोला: ‘आज फार दमलोय गं. दहा मिनिटं पडतो, मग दोघं मिळून कपडे घडी करू का?’ यात चारही आहेत.

अबोल्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आपल्या घरांत याच्याइतकं नुकसान ओरडण्यानेही होत नाही. अबोला सुरू झाला की घरातलं मूल पोस्टमन होतं. ‘तुझ्या बाबांना म्हणावं, जेवायला बसा.’ बाबा दोन हातांच्या अंतरावर बसलेले. लेकी बोले सुने लागे, असं आपण म्हणतो खरं, पण त्या लेकीचं काय होतं याचा विचार त्या म्हणीत नाही. तुमची मुलगी ‘हं’ का म्हणते याचा एक धागा इथे असू शकतो. ज्या घरात तिचे शब्द दुसऱ्यांचे निरोप वाहायला लागतात, तिथे ती स्वतःचे शब्द जपून ठेवते.

मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जोडप्यांना बोलताना बारकाईने पाहिलं, तेही हृदयाचे ठोके वगैरे मोजत. त्यांच्या कामातल्या दोन गोष्टी मी जवळपास प्रत्येक जोडप्याला सांगते. एक, भांडणात ठोके मिनिटाला १००च्या वर गेले की माणसाला धड ऐकू येत नाही, विनोद कळत नाही, समोरच्याची बाजू दिसत नाही. शरीर पळायच्या किंवा लढायच्या तयारीत असतं. त्यातून खाली यायला निदान २० मिनिटं लागतात, आणि तीही ‘ती असं कसं बोलली’ हे घोळवण्यात घालवली तर उपयोग नाही. दोन, नवरा-बायकोंमधले सुमारे ६९ टक्के वाद कायमचे असतात, स्वभावांतून आलेले. ते सुटत नाहीत. चांगलं नांदणारी जोडपीही त्याच विषयांवर वर्षानुवर्षं बोलतात, फक्त तुच्छतेने बोलत नाहीत. हे ऐकल्यावर कित्येकांचे खांदे खाली येतात. आपलं घर बिघडलेलं नाही, हे त्यांना प्रथमच कळतं.

म्हणून थांबायला हरकत नाही, पण थांबण्याला वेळ सांगा. ‘आत्ता डोकं तापलंय. गच्चीवर जाऊन येतो, साडेनऊला बोलू.’ आणि साडेनऊला स्वतःहून या. परत यायची वेळ न सांगता गप्प होणं म्हणजे अबोला, आणि समोरच्या माणसाला त्यात शिक्षा दिसते.

तुमच्या पत्नीच्या चार दिवसांच्या अबोल्याबद्दल मला असं दिसतं: बोलून काही होत नाही अशी खात्री झालेली माणसं अबोला धरतात. तेव्हा ‘काय झालं ते सांग ना’ असा धोशा लावू नका. एकदाच, खरं तेवढं बोला: ‘परवाचं वाक्य पाठ केलेलं होतं. मला खरं तर विचारायचं होतं की तू इतकी गप्प का असतेस, पण विचारायला घाबरलो.’ बोला आणि उत्तराची वाट न पाहता चहा टाका. दोघांचा.

आता कारखाना. तुमच्या वरिष्ठांनी ‘पोरं घाबरतात’ म्हटलं ते तुम्ही स्वभावावरचा शेरा म्हणून घेतलंत. मी ते गुणवत्तेच्या खात्यात धरेन. एमी एडमन्सन या संशोधिका १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या औषधांच्या चुकांचा अभ्यास करत होत्या. अपेक्षा अशी की चांगल्या चमूत चुका कमी सापडतील. आकडे उलटे निघाले. खोदल्यावर कळलं, चांगल्या चमूतली माणसं चुका लपवत नव्हती, म्हणून त्या नोंदीत येत होत्या. तुमच्या लाइनवर काय होत असेल बघा. पोराने इन्सर्ट (टूलचं कापणारं टोक) बदलला, ऑफसेट द्यायचा (नव्या टोकाप्रमाणे मशीनचं माप जुळवायचं) विसरला, सात-आठ पीसचा बोअर (आतलं भोक) मोठा झाला. तुम्ही चारचौघांत खडसावणार हे माहीत असेल तर तो ते पीस गुपचूप बिनमध्ये सारतो, किंवा त्याहून वाईट, चांगल्यात मिसळतो. रिजेक्शन मग ग्राहकाकडे सापडतं.

एका कारखान्यात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. सुपरवायझर फार प्रामाणिक माणूस, पण आवाज लाइनच्या दुसऱ्या टोकापर्यंत जायचा. तो समोरून येताना दिसला की पोरं हातातलं व्हर्निअर खाली ठेवायची, मोजताना दिसायला नको म्हणून. मोजणं म्हणजे काहीतरी चुकलंय अशी कबुली झाली होती. हे त्याला दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही. दुसऱ्या दिवशीपासून एक बदल त्याने स्वतःहून केला: ‘का केलंस?’ विचारणं सोडलं. आपल्याकडे ‘का रे?’ हा प्रश्न नसतोच, ते रागावणं असतं. त्याला उत्तर म्हणून सबब येते किंवा ‘चुकलं साहेब’. त्याऐवजी तो ‘काय काय झालं ते मला क्रमाने सांग’ म्हणू लागला. मग माहिती येऊ लागली: टूल बदलायला घेतला आणि तेवढ्यात शिफ्टची बेल झाली, पुढच्याला सांगायचं राहिलं. चूक एका पोराची वाटत होती, निघाली शिफ्ट बदलताना निरोप न देण्याची. दोन शिफ्टमध्ये पाच मिनिटं उभ्या-उभ्या बोलायची पद्धत त्यातून सुरू झाली.

यात सैल सोडणं कुठेही नाही. मापात बसलं नाही तर पीस जाणार नाही, हे ठाम सांगा. तोच पोरगा चौथ्यांदा तेच करत असेल तर बाजूला नेऊन स्पष्ट बोला, लेखी द्यायचं तर द्या. माया आणि शिस्त यांचं भांडण आहे असं मला २३ वर्षांत कधी दिसलं नाही. चारचौघांतला अपमान आणि शिस्त यांची मात्र आपण फार गल्लत करतो. कौतुकाचंही तसंच. ‘शाब्बास’ हवेत विरतं. ‘काल सुटताना मशीन पुसून गेलास, सकाळच्या पोराची दहा मिनिटं वाचली’ हे तो घरी जाऊन आईला सांगतो.

मुलीबद्दल एकच सुचवते. समोर बसवून ‘बोल, काय चाललंय तुझं’ असं करू नका, तिला ती चौकशी वाटते. क्लासला सोडायला जाता ना? गाडीवर मागे बसलेली मुलं बोलतात, कारण डोळ्याला डोळा द्यावा लागत नाही. गप्प गाडी चालवा. गंगापूर रोडच्या सिग्नलला ती मैत्रिणीबद्दल काही बोललीच तर ‘मग?’ एवढंच म्हणा. त्या मैत्रिणीबद्दल मत देऊ नका. आणि दहावीच्या मार्कांचा विषय त्या गाडीवर काढायचा नाही, ही शपथ घ्या.

माफीबद्दल: ‘सॉरी म्हटलं ना!’ ही माफी नव्हे. ‘तुला वाईट वाटलं असेल तर’ हीसुद्धा नव्हे. काय केलं त्याचं नाव घ्या: ‘आण्णांसमोर तुझ्यावर ओरडलो, ते चुकलं.’ पुढे ‘पण’ जोडू नका.

एक मर्यादा मात्र स्पष्ट सांगते. हे सगळं तिथे चालतं, जिथे दोन्ही माणसं सुरक्षित आहेत. घरात मारहाण, धमक्या, पैशांची कोंडी असेल तर सोसणाऱ्या बाईला ‘नीट बोलून बघ’ सांगणं अन्याय आहे. त्यासाठी २००५चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, महिलांसाठी १८१ ही हेल्पलाइन आहे. मन फारच खचलं असेल, तुमचं किंवा घरात कुणाचंही, तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६वर फोन करा, मराठीतही बोलता येतं. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरात असू शकतं.

आण्णांचं शेवटी ठेवलं, कारण त्याला संवादाचा धडा लागू करण्याआधी एक साधं काम करा. त्यांचे कान तपासून घ्या. वयाने ऐकू कमी येतं ते इतकं हळूहळू, की ज्याचं त्यालाही कळत नाही. अर्धं ऐकू येतं, मग माणूस पुन्हा विचारतो, आपण वैतागून मोठ्याने सांगतो, आणि ‘मुलगा खेकसतो’ म्हणून तो हळूहळू बोलणंच टाकतो. कान ठीक निघाले आणि तरी नुकतंच सांगितलेलं ते विसरत असतील, तर डॉक्टरांना स्मरणशक्तीबद्दलही विचारा. किती आवाज चढले असतील त्या घरात, ज्याचं कारण कानात होतं! तोवर त्यांच्याशी बोलताना टीव्ही बंद करा, समोर या, ओठ दिसू द्या. आवाज नका वाढवू, वेग कमी करा. आणि ते तीच जुनी गोष्ट पुन्हा सांगायला लागले, तर ‘सांगितलंत हो’ म्हणू नका. त्या गोष्टीतलं एखादं माणूस धरा आणि विचारा, ‘आण्णा, ते पुढे कुठे गेले?’ मी माझ्या वडिलांना हे विचारलं तेव्हा चाळीस वर्षं ऐकलेल्या गोष्टीचा पुढचा भाग मला मिळाला होता.